अंगठ्यामागची चौथी पास

मी लिहायला बसलोय, याबद्दल आधी माफी मागतो. घरातून पहिल्यांदा कॉलेजात गेलेल्याला आपण लिहिलंच पाहिजे असं उगीच वाटत राहतं. त्यातून विषय आजा. त्याच्याबद्दल मला सगळंच ठाऊक होतं: तो अंगठेबहाद्दर होता. कॉलेजातल्या पहिल्याच भाषणात हे मी फार करुण आवाजात सांगितलं. टाळ्याही पडल्या.

आजा गेला, आणि वर्षभरातच जात पडताळणीसाठी त्याच्या शाळेचा दाखला मागितला गेला. नाहीतर माझा प्रवेश रद्द.

"ते शाळेतच गेले नाहीत," मी म्हणालो.

"मग गेले नाहीत, असा दाखला आणा," कारकून म्हणाले. न घडलेल्या गोष्टीलाही आपल्याकडे शिक्का लागतो.

सावली तालुक्यातल्या आमच्या गावी गेलो. हेडमास्तरांनी फडक्यात बांधलेलं जुनं रजिस्टर सोडलं. त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं.

"कोन म्हनते शाळेत नाई गेला? चवथी पास हाये तुझा आजा."

प्रवेश वाचला. पण घरी जाताना डोक्यात घोळत होतं ते माझं सातवीतलं प्रगतिपत्रक. ते मी आज्याला मोठ्यानं वाचून दाखवलं होतं: गणितात पहिला, वर्गात दुसरा. कागदावर लाल शाईत 'गणित नापास' होतं. अडाणी माणसाला फसवायला कितीशी अक्कल लागते? "वा बाप्पा," म्हणत त्यानं पालकाच्या सहीच्या जागी अंगठा उठवला. त्याच आठवड्यात गणिताचे मास्तर मला संध्याकाळी घरी बोलवून शिकवू लागले. हुशार पोरगा हेरला असेल, असं मी समजलो.

आजी चुलीपाशी होती.

"आज्याले वाचता येत होतं?"

"येत होतं ना."

"मंग अंगठा काऊन लावे?"

"जंगलात लाकडं तोडाले जाय. सही करनारा मजूर ठेकेदाराच्या मुंशीले खपत नोहता. कागद वाचते, भांडते म्हने. मंग अंगठाच लावे. सवय झाली."

"अन् माझं प्रगतिपत्रक?"

आजी हसली. "म्हनून तं मास्तरकडे वर्षभर सरपनाची मोळी नेऊन टाके. मले म्हने, पोट्टा खोटं वाचते, पन कुठी अटकत नाई."