न्हाणीच्या दारातली खुर्ची

साठी ओलांडल्यावर मी पळायला लागले, आणि पहिल्या आठवड्यात पळण्यापेक्षा जास्त अंतर लोकांच्या मोटरसायकलवर बसून कापलं.

नेवासा तालुक्यातल्या आमच्या गावात मी एकतीस वर्षं उपकेंद्राची नर्स होते. नर्स पळताना दिसली की गावाला एकच गोष्ट समजते, कुणीतरी बाई अडली आहे. मी रिटायर होऊन तीन वर्षं झाली, हे कुणाच्या ध्यानात राहत नाही. पहिल्या दिवशी लेकीचा जुना पंजाबी ड्रेस आणि तिनेच पाठवलेले, अर्धा नंबर मोठे बूट घालून मी कॅनॉलच्या रस्त्याला लागले. विजेचे दोन खांब पळाले असेन, तेवढ्यात मागून एक गाडी येऊन थांबली. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन, वर ओळखीचा माणूस.

"नर्सबाई, कुनाची डिलिव्हरी हाय?"

"कुणाची नाही. मी पळतेय."

"व्हय, दिसतंय ते. बसा, सोडतो."

मी नको म्हणाले तर त्याचा चेहरा पडला. त्याच्या थोरल्या पोराच्या वेळी भर पावसात चिखल तुडवत मी त्याच्या वस्तीवर गेले होते, आणि तो ते विसरला नव्हता. अशा माणसाला किती वेळा नाही म्हणणार? बसले. कुठं सोडू म्हणाला, तर मला घराशिवाय दुसरं काही सुचेना. जिथून निघाले तिथंच त्यानं मला आणून उतरवलं आणि खुशीत निघून गेला.

तिसऱ्या दिवशी पळून आले तर ओट्यावर दोन बायका बसलेल्या. कोण अडलीय ते विचारायला आल्या होत्या. त्यांना चहा करावा लागला. चौथ्या दिवशी मात्र मी सरळ खोटं बोलले. जो थांबेल त्याला सांगितलं, "जिल्ह्यावरून आदेश आलाय, रिटायर लोकांनी रोज पळायचं." सरकारी काम म्हटल्यावर कुणी आडवं येत नाही. फक्त एका म्हाताऱ्या मास्तरांनी घाबरून विचारलं, "आमाला बी लागू हाय का?" तुम्हाला वयामुळे सूट आहे म्हणाले, तर त्याचाही त्यांना राग आला.

पण मी पळायला का लागले, ते सांगायचं राहिलं.

माझी लेक पुण्यात नोकरी करते. पाचवा महिना लागला तेव्हा तिचा फोन आला. बाळंतपणाला माझ्याकडेच येणार होती, त्याचं सगळं बोलून झालं, आणि मग ती म्हणाली, "आई, बाळाच्या अंघोळीसाठी मी टब मागवतेय. तुझे गुडघे दुखतात, तू खाली बसायच्या भानगडीत पडू नकोस."

मी म्हणाले, टबात मेथी धुतात. तीही माझीच लेक, तिनं फोन ठेवला.

मी उठले आणि तशीच न्हाणीत गेले. फरशीवर बसले, पाय लांब केले, साडी गुडघ्यापर्यंत सारली. या नडग्यांवर मी गावातली किती पोरं पालथी घालून धुतली असतील, त्याचा हिशोब नाही. आयांना दाखवायला म्हणून पहिली अंघोळ मीच घालायचे. नाळ गळून पडू द्या, नाकात तेल सोडू नका, पाणी आधी कोपरानं बघा, हे सगळं बोलत बोलत. बसायला काही त्रास झाला नाही. उठायला गेले तर उठताच येईना. एका कुशीवर वळून बघितलं, नळाला धरून बघितलं. नळ हलायला लागला म्हणून सोडला. शेवटी ह्यांना हाक मारली. आमचे हे दारात उभं राहून जरा वेळ बघत राहिले, मग अंगणातली प्लास्टिकची खुर्ची उचलून आणली. तिला धरून मी उभी राहिले.

ह्यांनी खुर्ची परत नेलीच नाही. म्हणाले, "असू दे इथंच. लागेल."

त्या खुर्चीचा मला जो राग आला तो साधा नव्हता. त्याला जुनं कारण आहे.

माझी आई पाथर्डीकडची. आमची जमीन कोरडवाहू, त्यामुळे दर हंगामाला आईवडील ऊसतोडीला जायचे. उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचं, उतरायचं, परत चढायचं, असं तिनं पंचवीसेक वर्षं केलं. पन्नाशीतच तिचे गुडघे गेले. माझ्या बाळंतपणाला मी माहेरी गेले तेव्हा तिला जमिनीवर बसता येत नव्हतं. नातीला अंघोळ घालायला शेजारची एक काकू यायची. आईनं कुठूनशी घडीची लोखंडी खुर्ची मागून आणली होती. ती न्हाणीच्या दारात टाकून आई बसायची आणि तिथून सांगत राहायची.

"पानी हळू टाक. नाकात जाईल तिच्या."

काकू काही म्हणायची नाही. एके दिवशी मीच बोलले. मी नवी नवी नर्स, मला सगळं येत होतं. म्हणाले, "आई, गप बस ना. कळतं त्यांना."

आई गप्प बसली. दुसऱ्या दिवशी खुर्ची न्हाणीच्या दारात नव्हती. आई अंगणात बाजेवर बसून शेंगा निवडत होती. पुढं महिनाभर काकू अंघोळ घालायची आणि आई शेंगा निवडायची. खरं सांगायचं तर मला तेव्हा बरंच वाटलं, कटकट गेली म्हणून. आता आई नाही. त्या बाजेकडं जाऊन मी तिला परत दारात बोलावलं नाही, हे आठवलं की अजूनही लाज वाटते.

तर मला त्या खुर्चीवर बसायचं नव्हतं. एवढंच ठरवलं, खाली बसायचं, बाळाला धुवायचं आणि हात न टेकता उठायचं. हातात चार महिने होते.

नगरच्या डॉक्टरनं गुडघ्यांचे एक्स-रे फोटो बघून सांगितलं, हाडं अजून बरी आहेत, मांड्या गेल्या आहेत. मांड्या परत येतात, हाडं येत नाहीत. आधी चाला, मग दुखत नसेल तर हळूहळू पळा, आणि घरात उठाबशा. हेच मी लोकांना एकतीस वर्षं सांगत आले होते. स्वतः मात्र रिटायर झाल्यापासून दळणसुद्धा गाडीवरून आणत होते.

पळायचं माझं माप म्हणजे कॅनॉलच्या कडेचे विजेचे खांब. एक खांब पळायचं, दोन चालायचे. मग एक पळायचं, एक चालायचा. घरात उलटा हिशोब, तिथं दर दोन-तीन आठवड्यांनी खाली जायचं. आधी पलंगावरून हात न लावता उठायचं, दहा वेळा. ते जमलं की खुर्चीवरून, मग बुटक्या स्टुलावरून, मग एकावर एक ठेवलेल्या दोन उशांवरून, मग पाटावरून. शेवटी फरशी.

स्टुलापर्यंत आले आणि दिवाळी आली. फराळ, पाहुणे, मग थंडी. पहाटे बूट दिसले की मी त्यांच्याकडं पाठ करून झोपायचे. लेकीला फोनवर सांगायचे, हो हो, पळतेय ना. अठरा दिवस असे गेले. एकोणिसाव्या दिवशी दोन उशांवर बसून बघितलं तर उठता येईना. स्टुलावरूनही दोनदाच जमलं. मी रडले. कुणाचा राग आला होता ते कळत नव्हतं, पण रागानंच रडले.

तोंड धुवायला न्हाणीत गेले. ती खुर्ची तशीच कोपऱ्यात होती. तिच्यावर साबण, घासणी, ह्यांचा टॉवेल असं सगळं व्यवस्थित मांडलेलं. ती आता घरचीच झाली होती. मी सगळं खाली ठेवलं, खुर्ची उचलली आणि गच्चीवर नेऊन पालथी घातली. दुसऱ्या दिवशी पहाटे बूट घातले.

लोक मला विचारतात, या वयात रोज कसं जमतं, मन कसं लावता? मला मन लावण्याचं काही कळत नाही. कुणी शाबासकी दिली की मी उलट दोन दिवस आराम करते. मला राग लागतो. आणि तारीख लागते. लेकीची तारीख डॉक्टरनं दिलेली होती, ती पुढं ढकलता येणार नव्हती.

शेवटच्या महिन्यात मी तीन किलो बाजरी पिशवीत भरली, पिशवी टॉवेलात गुंडाळली आणि ती उराशी धरून उठायला लागले. आमचे हे पेपर वाचता वाचता विचारायचे, "झोपली का बाजरी?" एकदा शेजारीण मीठ मागायला आली आणि मला तसं बघून मीठ न घेताच परत गेली. फरशीवरून हात न टेकता पहिल्यांदा उठले, त्या दिवशी लेक घरी येऊन चार दिवस झाले होते. ती सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती. तिनं बघितलं. टबाचा विषय त्यानंतर निघाला नाही.

मुलगी झाली. पावणेतीन किलो, म्हणजे बाजरीपेक्षा हलकीच. नाळ गळून पडेपर्यंत ओल्या फडक्यानं पुसून घेतलं. मग एका सकाळी पाणी काढलं, कोपरानं बघितलं, खाली बसले, पाय लांब केले आणि तिला नडग्यांवर घेतलं. आधी किंचाळली, मग पाठीवर कोमट पाणी पडल्यावर गप्प झाली आणि बोट चोखायला लागली. उठायची वेळ आली तर लेक दुपटं पसरून दारात उभी. "दे इकडे," म्हणाली.

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की बाळाला घेऊन उठावं लागतच नाही. दुपटं घेऊन दारात कुणीतरी असतंच. इतकी वर्षं हे माझ्या डोळ्यांसमोर होतं, आणि मी महिनाभर बाजरी उचलत बसले. बाळ दिलं. मग रिकाम्या हातांनी, हात न टेकता उठले. ते कुणी बघितलं नाही. लेकीचं आणि ह्यांचं लक्ष दुपट्यात होतं.

अडीच महिने रोज अंघोळ घातली. त्याआधी रोज खांब. पळणं बंद ठेवलं की दोन दिवसांत गुडघे आखडतात, हे एकदा करून बघितलं, परत केलं नाही.

पुण्याला जायच्या आठवडाभर आधी लेक म्हणाली, "आई, मला शिकव. तिला आता टबात ठेवलं तर ती घर डोक्यावर घेईल."

न्हाणीत दोघी मावत नाहीत. ती खाली बसली. कंप्युटरपुढं बसून बसून तिची कंबर अशी झालीय की पाय लांब करतानाच ती कण्हली. मी बाळाला तिच्या नडग्यांवर ठेवलं आणि बाहेर आले. उभं राहून नीट दिसेना. गच्चीवर गेले, पालथी खुर्ची सुलटी केली, धूळ पुसली आणि आणून न्हाणीच्या दारात ठेवली. बसले. लेकीनं तांब्या उचलला.

"पाणी हळू टाक," मी म्हणाले. "नाकात जाईल तिच्या."

तिनं हळू टाकलं. मी परत सांगितलं. बहुतेक तिसऱ्यांदाही.

"आई, गप बस ना. कळतं मला."

मी गप्प बसले. बाळाच्या पाठीवरून पाणी उतरत होतं. लेकीचा हात बरोबर पडत होता, सांगण्यासारखं खरंच काही नव्हतं. आईलाही ते दिसत असणार. तिला फक्त तिथं असायचं होतं. एवढं कळायला मला इतकी वर्षं लागली, आणि आता ते जिला सांगायचं ती नाही. दुपटं द्यायला उठले तेव्हा डोळे भरले होते. लेकीला वाटलं, मी रुसले.

दुसऱ्या दिवशी पहाटे खांब संपवून आले, बूट काढले, पाणी तापवलं. लेक बाळाला घेऊन न्हाणीत जायच्या आत खुर्ची उचलून दारात ठेवली आणि बसले.

"पाणी हळू टाक," मी म्हणाले.