उजव्या हाताची मोटर

बायको नाव वल्हवते आणि मी गळ धरून मागं बसतो, हे मी कधी कुणाला आपल्या तोंडानं सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती म्हणा. ईसापूरच्या धरणावर सकाळी जाळी काढणारे असतात, म्हशी धुणारे असतात, सगळ्यांना दिसायचंच. एखाद्यानं टोमणा मारला असता तर त्याला चार शब्द सुनावून मी मोकळा झालो असतो; तोंड माझं पहिल्यापासून फाटकं आहे. पण लोक रामराम घालायचे, ‘लागलं का काही?’ म्हणून विचारायचे आणि हळूच नजर दुसरीकडं वळवायचे. ती वळवलेली नजर मला झोंबायची.

आधी मी सेनगाव-हिंगोली जीप चालवायचो. माणसं आत कोंबलेली, एकजण माझ्या मांडीला मांडी लावून बसलेला, त्यातूनच गिअर टाकायचा. कुणी ‘हळू चालव’ म्हणलं की गाडी बाजूला घेऊन त्यालाच उतर म्हणायचो, असा माझा तोरा. मग एका सकाळी चहाचा कप हातातून खाली पडला. अंगावरून वारं गेलं. दवाखाना झाला, मालिश झालं, पाय सुधारला, तोंड सरळ झालं. उजवा हात मात्र राहिला तो राहिलाच. खांद्यापासून लोंबतो, बोटं आत वळलेली. मी त्याच्यावर कायम एक मोठी दस्ती टाकतो, घाम पुसायला घेतल्यासारखी. त्यानं कुणी फसत नसणार, हे मलाही कळतं.

बायकोचं माहेर धरणाच्या काठचं, मासे धरणाऱ्यांचं. वल्हं तिच्या हातात लहानपणापासून. जीप सुटली तसं तिच्या भावानं आम्हाला तिकडं बोलावून घेतलं आणि एक जुनी पत्र्याची नाव दिली. जाळं ओढायला दोन हात लागतात, ते माझ्यानं होईना. म्हणून मी ओढत्या गळावर आलो. स्टीलच्या चमच्याची दांडी कापायची, चमच्याला भोक पाडून गळ अडकवायचा, दोरी मागं लांब सोडायची आणि नाव हळूहळू चालत ठेवायची. चमचा पाण्यात लखलख करत वळतो. मोठ्या माशाला वाटतं जखमी मासोळी चाललीय, आणि तो मागून येऊन झडप घालतो. एका हाताचं काम. फक्त नाव एका चालीनं चालली पाहिजे. जोरात गेली तर चमचा वर येतो, थांबली तर तळाला जाऊन काट्याकुट्यात अडकतो. बायकोला ती चाल बराबर जमते. वल्हवता वल्हवता ती बोलत असते, कुणाची सून कशी, कुणाचं भांडण कशावरून. तिचं सगळं ऐकायची सवय मला नावेतच लागली. जीप होती तेव्हा मी ऐकून घेतच नव्हतो.

लेक कनेरगाव नाक्याला दिलीय. तिचे सासरे, आमच्याकडं व्याह्याला इवाई म्हणतात, ढाबा चालवतात आणि माशाचे भारी शौकीन. एक दिवस त्यांचा फोन आला.

“इवाई, पुढल्या आठवड्यात येऊन राहिलो तुमच्या धरणावर. तुमच्या नावेत बसायचंय.”

लग्नात याच माणसासमोर मी मिशीला पीळ देऊन बसलो होतो. पोरीला वाटं लावायला स्वतः जीप चालवत गेलो होतो. वारं गेल्यावर ते दवाखान्यात भेटायला आले तेव्हा मी अंगावर चादर घेऊन पडलो होतो, हात त्यांना दिसला नव्हता. आता त्यांच्यासमोर बायको वल्हवणार आणि मी बसून राहणार? उद्या सासरी पोरीला कुणी म्हणेल, तुझ्या बापाला तुझी आई ओढती. नुसत्या विचारानं कानशिलं तापली.

“या ना,” मी म्हणलो. “मोटर बसवून राहिलो नावेला. आपोआप चालती. दोघं निवांत गळ सोडून बसू.”

बायको चुलीपुढं भाकरी थापत होती. तिनं मान वर केली.

“कोणती मोटर?”

“बसवायचीय.”

“बरं,” ती म्हणली आणि भाकरी तव्यावर टाकली.

मग लागलो मोबाईलवर मोटरी बघायला. पहिलं पेट्रोलचं इंजिन पाहिलं. ते सुरू करायला दोरी हिसका देऊन ओढावी लागते, एक हात इंजिनावर दाबून दुसऱ्या हातानं. ते तिथंच बाद झालं. शिवाय आवाज असा की मासे नांदेडपर्यंत पळाले असते. दुसरी बॅटरीवरची, पायाच्या पॅडलनं वळणारी. जीपवाल्याला पॅडलची काय भीती, पण आमच्या अरुंद नावेत ती मावेना. तिसरी बघितली आणि बघतच राहिलो. तिला दिशा एकदा सांगून द्यायची. मग वारा येवो, लाट येवो, ती उपग्रहाला विचारून विचारून नाव त्याच रेषेवर ठेवते. रिमोट गळ्यात. व्हिडिओतला माणूस दोन्ही हात डोक्यामागं घेऊन रेलून बसला होता आणि नाव आपली चाललीय मुकाट्यानं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू. मग किंमत बघितली आणि मोबाईल पालथा ठेवला.

मेहुणा म्हणाला, वारंगा फाट्यावर चाचा आहेत, त्यांना विचारा. चाचा म्हणजे विहिरीच्या जळालेल्या मोटरी नवी तार गुंडाळून भरून देणारे मिस्त्री; त्यांच्या वडलांचंही तेच दुकान. बायकोला घेऊन गेलो. चाचांना बोलायला माणूस पाहिजेच असतो. मी मोबाईलवर ती उपग्रहवाली दाखवली तर त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि मला वेड्यात काढलं.

“भाऊ, हे काय खूळ घेऊन आले? मी बनवून देतो ना. ट्रॅक्टरची बॅटरी, एक मोटर, खाली पाइप, पाइपाला पंखा, वर दांडा. दांडा वळवायचा आन हा स्क्रू आवळायचा. जागचा हलला तर नाव बदलून ठेवा माझं. उपग्रहाला कशाला तकलीफ देता?”

दांडा जागच्या जागी राहिला तरी वारा नावेचं नाक फिरवतोच, हे ना त्यांच्या डोक्यात आलं ना माझ्या. चाचांनी आयुष्यात विहिरीतल्या मोटरी पाहिलेल्या. विहिरीत वारा कुठून येणार?

“बोला, दांडा कोणत्या हाताला काढू?” त्यांनी विचारलं. “बटनबी त्याच बाजूला येईल, स्क्रूबी तिकडंच.”

दुकानातल्या बाकावर गिऱ्हाईकं बसलेली. सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. दस्तीखालची बोटं मला एकदम जड वाटायला लागली.

“उजव्या,” मी म्हणलो. तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं, पण मी थांबणारा माणूस नाही. “माणूस काम कोणत्या हातानं करतो, चाचा? हे काय विचारणं झालं?”

चाचांनी दस्तीकडं पाहिलं, मग बायकोकडं पाहिलं. बायको डोक्यावरचा पदर सारखा करत रस्त्यावरच्या ट्रकांकडं बघत होती. चाचांनी खडूनं उजवीकडं खूण केली आणि कामाला लागले.

माझ्या मनात होतं, डावा हात अंगावरून पलीकडं नेऊ, स्क्रू फिरवू, कुणाला काय कळतंय. मोटर घरी आली, मेहुण्यानं नावेला बसवून दिली, तरी मी एकदाही करून पाहिलं नाही. जन्मभर जीप चालवलेला माणूस मोटर शिकतोय, हे मेहुण्याला कशाला दिसू द्यायचं?

इवाई आले. पांढरं धोतर, नवी टोपी. नावेत बसायच्या आधी बायकोनं वल्ही नेहमीसारखी आत ठेवली. मी ती उचलून काठावर टाकली.

“मोटर असल्यावर ही लाकडं कशाला? उगं अडचण.”

“राहू द्या की,” ती हळू आवाजात म्हणली.

“तू घरी जा. जेवणाचं बघ.”

इवायांनी विचारलं, “इहीनबाई येत न्हाईत व्हय?”

“बाईमाणसाचं काय काम नावेत?” मी म्हणलो आणि हसलो. इवाई हसले नाहीत. बायकोनं वल्ही उचलून उभी धरली आणि तिथंच थांबली.

मेहुण्यानं बटन दाबून, दांडा सरळ करून, स्क्रू आवळून आम्हाला ढकलून दिलं. आणि नाव निघाली हो. आवाज नाही, धूर नाही. डाव्या हातात दोरी, मागं चमचा वळतोय, काठावरचे लोक बघताहेत आणि मी बिनघोर बसलोय. वारं गेल्यापासून एवढी ताठ मान मी केली नव्हती. इवाई मात्र गप्प होते. सारखे मागं वळून काठाकडं बघायचे. मला वाटलं, मोटर बघून त्यांची बोलती बंद झालीय.

मध्यावर गेलो तसा आडवा वारा सुटला. दांडा जागचा हलला नाही, चाचांचा शब्द खरा होता. पण नावेचं तोंड हळूहळू बुडीतातल्या बाभळींकडं वळलं. पाणी भरलं तेव्हा मेलेली झाडं ती, त्यांची काळी खोडं वर डोकावतात. खोडांना लागूनच मेहुण्याचं जाळं पसरलेलं होतं, त्याला बांधलेल्या रिकाम्या बाटल्या तरंगत होत्या. दांडा वळवायला पाहिजे होता. दोरी गुडघ्याखाली दाबून मी डावा हात अंगावरून पलीकडं नेला. मध्ये बॅटरीची पेटी. हात दांड्याला लागेना. आणखी वाकलो तशी नाव कलली आणि इवायांनी दोन्हीकडची कड घट्ट धरली. दस्ती सुटून पाण्यात पडली. माझा हात त्यांच्या पुढ्यात लोंबत राहिला, आत वळलेल्या बोटांसकट.

“इवाई, मी करू का?” ते म्हणाले.

“बसून राहा तुमी!” मी म्हणलो.

तोवर बाटल्या पंख्याखाली गेल्या. जाळं पंख्याला गुंडाळलं, मोटर कण्हली आणि बंद पडली. वारा आम्हाला काट्यांवर ढकलत होता. नावेत वल्हं नव्हतं. काठावर आता सगळे उभे राहून बघत होते. या वेळी कुणी नजर वळवली नाही.

बायको घरी गेलीच नव्हती. भावाच्या थर्माकोलच्या तराफ्यावर बसून ती येत होती, एक वल्हं हातात, एक मांडीवर. तिला बघून माझा जीव भांड्यात पडायला पाहिजे होता. पडला नाही. इवायांसमोर मला सोडवायला बाई आली, एवढंच मला दिसलं.

“तुला कोणी बोलावलं व्हतं?” मी केवढ्यानं तरी ओरडलो. पाण्यावर आवाज लांब जातो. काठावरची एक म्हातारी कपाळाला हात लावताना मला इथून दिसली.

तिनं तराफा नावेला बांधला, आत आली, पाण्यात हात घालून भावाचं जाळं न फाडता पंख्यातून सोडवलं. मग आमच्या दोघांच्या मध्ये माझ्याकडं तोंड करून बसली आणि वल्हवायला लागली.

मग इवाई तिच्या मागून बोलले.

“इवाई, राग येऊ देऊ नका. तुमची लेक आमच्याकडं कौतिकानं सांगत राहती. आई वल्हवती, बाबा मागं गळ धरून बसतेत, आन दोघं बोलत बोलत सारं धरण फिरून येतेत. आमची मंडळी म्हणली, एकदा बघून तरी या. मी तेच बघायला आलतो. मोटर मला कुठंबी बघायला भेटती.”

मला तोंड वर करवेना. म्हणजे हातापासून वल्ह्यापर्यंत त्यांना सगळं ठाऊक होतं. पोरीनं माझी लाज सांगितली नव्हती, आपल्या घरातली चांगली गोष्ट म्हणून सांगितली होती. आणि तीच बघायला आलेल्या माणसासमोर मी बायकोला काठावर उभी करून आलो होतो.

इवायांची नजर दांड्यावर गेली. दांडा माझ्या मेल्या हाताच्या बाजूला होता.

“इहीनबाई, दुकानात तुमी संग व्हत्या ना? डाव्या हाताला बसवा म्हणून सांगायचं काहून न्हाई?”

तिनं वल्ही ओढली, पुन्हा पुढं नेली.

“ह्यांनी उजवा म्हणलं,” ती म्हणली. “मंग चारचौघांत मी ह्यांना खोटं पाडू व्हय?”

त्यात राग नव्हता. मीठ संपलंय सांगावं तशी ती बोलली. इवाई पाण्याकडं बघायला लागले. नाव लहान, ती समोरच बसलेली, तोंड फिरवायलाही जागा नव्हती. हात गेला तेव्हापासून मी लोकांना लाजत होतो. हिला लाजायची वेळ येईल असं कधी वाटलं नव्हतं, आणि ती लाज हाताची नव्हती. काठ जवळ येत होता. लोक अजून उभेच होते.

“चुकलो मी,” मी म्हणलो.

मघाशी ओरडलो ते काठापर्यंत गेलं होतं. हे एवढ्या हळू निघालं की ऐकायला तिनं वल्ही थांबवली.

“काय म्हणलं?”

सगळे ऐकत होते.

“काही न्हाई,” मी म्हणलो. “चाल.”