नववी ओंजळ

पोस्टाचं कार्ड आलं तेव्हा भात चुलीवर होता आणि त्यात मास्तरांच्या वाटची ओंजळही धरलेली होती. आजारपणात ते माणगावला बहिणीकडे गेले होते, त्या दिवशी परतायचे होते. पोस्टमन कार्ड वाचून दाखवायला लागला. मी म्हटलं, आणा इकडं, मला वाचता येतं... येतं ते त्यांच्यामुळंच.

बोटीनं आगरदांड्याला उतरून मास्तर आमच्या गावी आले, तेव्हा शाळेला घर नव्हतं. आमच्या पडवीत शाळा भरायची, तिथंच ते राहायचे, जेवायला आमच्यात. पुस्तकातली गणितं त्यांना गोडच लागायची नाहीत. शेजारी लग्नाची पंगत उठली, तर उष्ट्या पत्रावळींवरचा भात स्वतः ओंजळीनं मोजून बैलांना घातला. गाव हसलं. दुसऱ्या दिवशी मुलांना विचारलं, "माणशी ओंजळभर तांदूळ लागतो. काल बारा ओंजळी टाकल्या. किती माणसं जेवली असती?"

"बारा!" पोरं ओरडली. मास्तरांनी मान डोलावली. मी दाराआड तांदूळ निवडत होते, मला राहवलं नाही.

"बारा कशी? चारच! टाकला तो भात हाय मास्तर, तांदूळ न्हाय. शिजला की तिप्पट होतो."

पोरं हसली... मास्तरही हसले, स्वतःलाच. फळा पुसून खडू माझ्यापुढं धरला. "वहिनी, तुम्हीच मांडा."

"मला लिवता कुठं येतं?"

"चार रेघा ओढा."

खडू घेऊन ओढल्या. आतून थोरल्या जाऊबाई कडाडल्या, "बाईमाणूस फळ्यापुढं! मंग चूल मास्तर फुंकणार व्हय?"

"फुंकीन की, मोठ्या वहिनी. पण मला भाताचा अंदाज किती, ते आत्ताच ऐकलंत."

दोन दिवस जाऊबाईंनी अबोला धरला. मला वाटलं, संपलं, खडू पुन्हा हातात यायचा नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "भांडी घासून झाली की बस जा." त्या चार रेघांमागून आकडे आले, आकड्यांमागून अक्षरं...

मास्तर गेल्याचं ते कार्ड आलं, त्या दिवशी त्यांच्या वाटचा भात उरला. जाऊबाईंनीच तो प्रत्येकाच्या ताटात घासघास वाढला. "मास्तरांचा हाय," म्हणाल्या, "टाकायचा न्हाय."

आता घरात आम्ही आठ. तांदूळ घेताना हात अजून नववी ओंजळ भरतात. ती धरून मी मडक्यापाशी उभी राहते, मग परत ओतते. शिजवली तर तीन होतील, आणि उरल्या तर मोजायला पडवीतून कुणी यायचं नाही.