ध्येय क्रमांक चार आणि पडदेफाड

आमच्या प्राणी निवाऱ्यात मावशी कामाला लागल्या तेव्हा पिंजरे धुणं आणि पाण्याची भांडी भरणं एवढंच त्यांचं काम होतं. पुढच्या चौदा वर्षांत त्यांनी आणखी एक काम आपणहून अंगावर घेतलं. ते म्हणजे प्राणी न्यायला येणाऱ्या माणसांची मुलाखत. मी संस्थेचा मानद चिटणीस. मुलाखतीचा तीन पानी फॉर्म माझा, पण निकाल मावशींचा.

प्राण्यांना नावं ठेवण्याची पद्धतही त्यांचीच. प्राण्याची खोड हेच त्याचं नाव, म्हणजे नेणाऱ्याची फसवणूक नको. त्यामुळे आमच्या नोंदवहीत मोती किंवा राजा सापडणार नाही. चपलाखाऊ आहे, दूधचोर आहे, आणि एक मांजर आहे ते नुसतंच आगाऊ.

एकदा एक जोडपं आलं. नवरा म्हणाला, "आम्हाला शांत, गोड आणि अजिबात घाण न करणारा कुत्रा हवाय."

"मग भिंतीवर फोटो लावा," असं म्हणून मावशी बादली उचलून चालू लागल्या.

या सगळ्यांत पडदेफाड हा कुत्रा त्यांच्या खास मर्जीतला. तांबूस रंग, एक कान उभा, एक आडवा. तो तीन घरांत गेला आणि तिन्ही घरांतून परत आला. दर वेळी तोंडात त्या घराच्या पडद्याचा तुकडा. मावशींनी ते तीन तुकडे धुऊन त्याच्या पिंजऱ्यावर टांगले होते, बक्षिसं लावावीत तसे.

डिसेंबरात कार्यकारिणीची सभा झाली. नव्या वर्षाची ध्येयं मी नीट क्रम घालून लिहून नेली होती. लसीकरण, नसबंदी, शेडचं गळकं छप्पर. चौथं ध्येय अध्यक्षबाईंनी ऐनवेळी घातलं. कोणताही प्राणी एका वर्षाहून जास्त काळ निवाऱ्यात राहू नये, आणि असे जे असतील त्यांना जानेवारीअखेर घर न मिळाल्यास शहराबाहेरच्या मोठ्या केंद्रात हलवावं. केंद्र वाईट नव्हतं. पण तिथे दोनशे कुत्री, आणि नावांऐवजी नंबर.

एका वर्षाहून जुन्यांची यादी मी वाचून दाखवली. यादीत एकच नाव होतं.

मावशी चहाचे कप गोळा करत होत्या. "याला कशाला ध्येय म्हणता? पडदेफाडला हाकलायचंय, एवढंच लिहा की!"

"मावशी, ध्येयात असं कुणाचं नाव घालत नाहीत."

"का? लाज वाटते?"

मी कागदाला टाचणी लावत बसलो.

जानेवारीत पडदेफाडला बघायला अकरा जण आले. मावशींचा शेवटचा प्रश्न ठरलेला, "याने तुमची सगळ्यात आवडती वस्तू फाडली तर काय कराल?" अकराही जण म्हणाले, आम्ही प्रेमाने समजावू. अकराही नापास.

"अहो मावशी, दिवस किती राहिलेत!" मी वैतागलो.

"प्रेमाने समजावणारेच तिसऱ्या दिवशी परत आणून सोडतात. तीनदा बघितलंय मी."

"मग तुम्हीच का नेत नाही?"

मावशींनी कमरेच्या पिशवीतून चौपदरी घडी केलेला माझाच फॉर्म काढला. त्यांनी तो स्वतःसाठी भरला होता. 'घरात फाडण्याजोग्या वस्तू' या रकान्यात लिहिलं होतं, 'नवरा शिंपी. दुकान घरातच. सगळं घर कापडाचं.' खाली शेरा होता, 'नापास'. सहीही त्यांचीच.

एकतीस तारखेला सकाळी केंद्राची गाडी फाटकात येऊन उभी राहिली. मावशी पडदेफाडला आंघोळ घालत होत्या. त्या दिवशीची ती तिसरी आंघोळ. तेवढ्यात त्यांचे यजमान, ज्यांना सगळे मास्तर म्हणतात ते, गळ्यात टेप तशीच घेऊन धापा टाकत आले.

"अगं, चष्मा विसरलीस. आणि रडतेस काय?"

"साबण गेला डोळ्यात."

"चष्मा नसला की असंच होणार!"

चष्म्याचा आणि साबणाचा काय संबंध, हे मी विचारणार इतक्यात चर्रर्र असा आवाज झाला. ओल्या पडदेफाडने मास्तरांच्या विजारीचा डावा पाय धरला होता.

मास्तर असे काही ओरडले की आगाऊ कपाटावर जाऊन बसलं. "गाढवा! नालायका! काल शिवलेली विजार! दात आहेत का कात्री?" पडदेफाडचे दोन्ही कान पहिल्यांदाच एका दिशेला झाले. मग मास्तर खाली बसले आणि बोटाने शिवण चाचपू लागले.

"फाटली नाही, नुसती उसवलीये. पाच मिनिटांचं काम." कॉलरमागे खोचलेली दोरा ओवलेली सुई काढून ते तिथेच पायरीवर शिवायला बसले. पडदेफाडने त्यांच्या दुसऱ्या गुडघ्यावर हनुवटी ठेवली. "लांब हो. टाका चुकेल माझा," मास्तर म्हणाले, पण गुडघा त्यांनी हलवला नाही.

मावशींनी चष्मा लावला आणि सवयीने विचारलं, "याने तुमची सगळ्यात आवडती वस्तू फाडली तर काय कराल?"

"ओरडेन."

"मग?"

"मग शिवेन. दुसरं काय करणार?"

मावशी माझ्याकडे वळल्या. "कोरा फॉर्म द्या. अर्जदार बदललाय."

"अर्जदार? कसला अर्ज?" मास्तरांनी दाताने दोरा तोडत विचारलं.

"अहो, गप्प बसा आणि सही करा."

गाडी रिकामी परत गेली. आमचं ध्येय क्रमांक चार पहिल्याच महिन्यात पूर्ण झालं. छप्पर अजून गळतंय.

पुढच्या महिन्यात माझी नोकरीतून निवृत्ती आहे. निरोपाच्या समारंभासाठी नवी पँट मी मास्तरांकडेच शिवायला टाकली होती. काल आणायला गेलो तर खिशापाशी तळहाताएवढं ठिगळ. दुकानाच्या उंबऱ्यावर पडदेफाड माझ्या पँटच्याच कापडाचा तुकडा चघळत निवांत पडला होता.

मी ओरडलो. चांगला पाच मिनिटं ओरडलो.

मास्तरांनी ऐकून घेतलं आणि शांतपणे पँटची घडी माझ्या हातात दिली. "झालं ना ओरडून? शिवायचं मी आधीच उरकून ठेवलंय."