अण्णांचा अंदाज

उपांत्य सामन्याआधी आमचा गोलकीपर उजवा गुडघा सारखा चोळत होता. शेजारी बसलेले माझे वडील, अण्णा, त्या गुडघ्याकडं बघत म्हणाले, "आज अवघड हाय बघ." मी मोबाइलवरचे आकडे दाखवत मोठ्यानं सांगितलं, "दोन-शून्य. आपणच." घरातला पहिला पदवीधर मी, आणि त्याचा अभिमान मी लपवत नाही. अण्णांनी लगेच मान डोलावली, "मग तसंच असंल."

दोन गोल झाले, पण आमच्यावरच, आणि दोन्ही गोलकीपरच्या उजव्या बाजूनं. आम्ही स्पर्धेबाहेर. मागून एकजण ओरडला, "काय ओ साहेब, झालं की दोन-शून्य!"

अण्णा उसळले. "पोरगं बरोबरच होतं. रेफ्रीनं घाण केली."

हरल्याचं विसरेनही. पण चाळीस वर्षं मैदान बघितलेले हे डोळे माझ्या पदवीपुढं इतके भित्रे कधी झाले?