अर्ध्यावर राहिलेला घुमट

महायुद्ध चालू होतं तेव्हा मी धुळ्याच्या एका उद्योगशाळेत चित्रकला शिकवत होतो. बाजारात सिमेंट आणि लोखंड मिळेनासं झालं, तशी लोकांना जुन्या चुन्याच्या बांधकामाची आठवण झाली आणि शाळेत गवंडीकामाचा वर्ग निघाला. शिकवायला पिंपळनेरकडचे एक म्हातारे गवंडी आले. सगळे त्यांना नाना म्हणत. खालून लाकडाचा आधार न देता नुसत्या विटांचा घुमट उभा करणारे आमच्या मुलखात तेवढेच उरले होते.

पांझरेकाठच्या एका गावात देवळाचा घुमट पडला होता. नानांनी ते काम मागून घेतलं. वर्गातले पाचसहा तरुण, नाना आणि नोंदीची चित्रं काढायला मी, असे आम्ही तिथे जाऊ लागलो. विटांचं एकेक कडं आत झुकत चढत होतं. वरची कडी कशी मिटवायची, असं मी विचारलं की नाना हसायचे.

"आते काय सांगू, गुरुजी? वर गयावर दखाडसू."

घुमट अर्ध्यावर आला आणि नानांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. तोंडात एकच शब्द राहिला, अहिराणीतला ‘आहे’. "शे."

पाणी हवं का? शे. दुखतंय का? शे. त्यांची सून म्हणाली, "त्यासले बठ्ठं समजस, गुरुजी. फक्त बोलता येत नही."

मी पाटीवर दोन आकृत्या काढल्या. एकीत वीट जास्त कललेली, दुसरीत कमी. नाना बराच वेळ बघत राहिले, मग डाव्या हाताने त्यांनी पहिलीवर बोट ठेवलं. माझा जीव भांड्यात पडला. खात्री करावी म्हणून दुसऱ्या दिवशी त्याच आकृत्या पुढे केल्या, तर बोट दुसरीवर गेलं. माझ्या चेहऱ्यावरून त्यांना कळलं असावं. ते पाटीकडे पाहत राहिले आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. मी पाटी पुसून टाकली. दुसरं काय करणार होतो?

पावसाळा तोंडावर आला. गावकरी घाई करू लागले. शेवटी आम्ही नानांना गाडीत गादी घालून देवळापुढे आणलं, सूनही बरोबर आली. वर वीट टेकवून पोरं ओरडायची, "नाना, अशी?" खालून उत्तर यायचं, "शे!" ती थोडी फिरवून पुन्हा विचारलं तरी तेच. एकदा मात्र ते डावा हात जोरजोरात हलवत "शे! शे!" असे ओरडू लागले. थांबा म्हणत होते की शाबास, कोणालाच उमगेना. ज्याच्या हातात वीट होती त्याने माझ्याकडे पाहिलं. मी सुनेकडे पाहिलं. तिने मान खाली घातली.

त्याने वीट बसवली. थोड्या वेळाने ते कडं सरकलं आणि आपल्याबरोबर खालची दोन घेऊन आत कोसळलं. पोरं बाहेर बांधलेल्या परांचीवर होती, म्हणून वाचली. धुरळा खाली बसेपर्यंत नानांनी तोंड फिरवलं नाही.

गावकऱ्यांनी उरलेल्या विटा उतरवून सागाच्या तुळया टाकल्या आणि मातीचं धाबं घातलं. त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही, देवाला पावसात ठेवणार किती? शाळेनेही वर्ग बंद केला. पोरं भुसावळला रेल्वेच्या कारखान्यात लागली, पगार चांगला होता. त्यातला एक मला स्टेशनावर भेटला. म्हणाला, "गुरुजी, आणखी एक उन्हाळा मिळाला असता तर."

मी पिंपळनेरला जायचो तेव्हा नाना ओट्यावर बसलेले असायचे. मला पाहिलं की डावा हात वर करून हवेत काहीतरी गोल, आत मिटत जाणारं दाखवू लागायचे. मी अगदी जवळ बसून बघायचो, मान डोलवायचो. समजत काहीच नव्हतं. हात दुखेपर्यंत ते दाखवत राहायचे, मग सून येऊन तो हात धरून हळूच खाली ठेवायची.