खलिफा सिटीतली बिनविरोध निवडणूक

अबुधाबीच्या विमानतळावर मला घ्यायला आलेल्या भाचीने वाकून नमस्कार केला, माझ्या हातातली बॅग घेतली आणि पहिलाच प्रश्न टाकला, "मामा, विल यू एन्डोर्स मी?"

बँकेत तेहतीस वर्षं काढलेल्या माणसाला एन्डोर्स म्हटलं की चेकच्या पाठीवरची सही आठवते. मी खिशातलं पेन चाचपू लागलो. माझी धाकटी बहीण ज्योती हसत सुटली. "दादा, सही नको, पाठिंबा हवाय तिला. इरा निवडणुकीला उभी आहे."

गाडी चालवता चालवता माझे मेहुणे समीर यांनी सगळं समजावलं. ज्योती आणि ते चौदा वर्षं अमिरातीत आहेत. आधी अजमानला होते, यंदा अबुधाबीच्या खलिफा सिटीत आले. नव्या घराजवळची शाळा अमेरिकन अभ्यासक्रमाची, त्यामुळे पंधरा वर्षांची इरा एकदम अमेरिकेचं राजकारण शिकू लागली. समाजशास्त्राच्या मिस कॅरल यांनी दहावीच्या मुलांची एक प्रायमरी भरवली होती. प्रायमरी म्हणजे खऱ्या निवडणुकीच्या आधीची निवडणूक: पक्षाचा उमेदवार कोण, हे ठरवण्यासाठी एकाच पक्षातली माणसं आपापसात लढतात आणि लोक मत देतात.

"म्हणजे तिकिटासाठीसुद्धा मतदान?" मी विचारलं.

"हो."

"वरून नाव येत नाही?"

"नाही, दादा."

मी थक्क झालो. खिडकीबाहेर वाळूच्या रंगाच्या भिंती, त्यांच्यामागे वाळूच्याच रंगाचे बंगले, मधूनच एखादं बुटकं खजुराचं झाड, असं सगळं सरकत होतं. माझं तिकडे लक्षच नव्हतं.

आता माझ्याविषयी थोडं सांगायला हवं. सांगलीतल्या आमच्या गृहनिर्माण सोसायटीची निवडणूक गेली अकरा वर्षं बिनविरोध होते, आणि ती बिनविरोध करणारा माणूस मी. अर्ज भरायची मुदत संपली की मी कामाला लागतो. कोण कुणाचा मित्र, कोण कुणाच्या शब्दाबाहेर नाही, याचा अंदाज घेतो, घरोघर जातो, चहा होतो आणि अर्ज माघारी येतात. एका वर्षी तिसऱ्या मजल्यावरच्या शिंदेबाईंनी अर्ज भरला होता. त्यांच्या यजमानांना मी चहाला बोलावलं, दुसऱ्या दिवशी काम फत्ते. भांडण नाही, कटुता नाही. मला या गोष्टीचा अभिमान होता आणि तो मी लपवतही नसे.

घरी पोचल्यावर इराने खोलीतला तक्ता दाखवला. पाच उमेदवार होते. दोघे मी यायच्या आधीच गळाले होते. उरले तीन: इरा, केविन नावाचा एक मल्याळी मुलगा आणि मौझा. मौझा अमिराती, म्हणजे इथल्याच मातीतली, पलीकडच्या गल्लीतल्या मोठ्या बंगल्यात राहणारी, आणि नव्या शाळेत इराची पहिली मैत्रीण. जो जिंकेल त्याची मागणी मुख्याध्यापकांकडे जाणार होती. मौझाला ग्रंथालय संध्याकाळपर्यंत उघडं हवं होतं. इराला हवी होती स्कूलबसच्या नॅनींसाठी एक गार खोली. मुलांना सांभाळून आणणाऱ्या या बायका, शाळा सुटेपर्यंत पत्र्याच्या शेडखाली उन्हात बसून राहतात.

"मंगळवारी डिबेट आहे," इरा म्हणाली. "आय हॅव नेव्हर स्पोकन ऑन अ स्टेज, मामा. नेव्हर. माझा आवाज थरथरतो."

तीन आठवडे ती आरशासमोर भाषण म्हणत होती, हे ज्योतीने मला हळूच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, केविन गळाला. नुसता गळाला नाही, तर त्याने इराला पाठिंबा जाहीर केला! हाच मुलगा आठवडाभर नॅनींच्या खोलीची टिंगल करत होता, असं इराच म्हणाली होती. 

"अगं, काल हसत होता ना?"

"दॅट्स हाऊ इट वर्क्स," इरा खांदे उडवत म्हणाली.

शुक्रवारी शाळा अर्धा दिवस. दुपारी टीव्हीवर अमेरिकेतली खरी प्रायमरी लागली होती. एक गृहस्थ माईकसमोर येऊन आपण शर्यतीतून बाहेर पडतो असं म्हणाले, आणि ज्यांना ते आठवडाभरापूर्वी नालायक म्हणत होते त्यांचाच हात धरून वर केला. लोक टाळ्या वाजवत होते. मी भाताचा घास हातात धरून बघत राहिलो. समीर म्हणाले, "आणि दादा, मतपत्रिका आधीच छापलेल्या असतात. माघार घेतली तरी नाव राहतं, आणि त्यावर पडलेली मतं मोजतातसुद्धा. इराच्या शाळेतही तोच नियम आहे."

माघार घेतलेल्या माणसाला मतं! आमच्याकडे माघार म्हणजे माघार. या सगळ्या गोंधळात माझी भाची उगाच भरडली जाणार, असं मला मनापासून वाटलं. आता समोर एकच जण उरली होती. एक अर्ज मागे घेतला की बिनविरोध. स्टेज नको, थरथर नको. मी कुणाला काही बोललो नाही.

शनिवारी सकाळी सांगलीहून आणलेल्या पेढ्यांचा पुडा घेऊन मी मौझाच्या बंगल्यावर गेलो. तिचे आजोबा अबू राशिद यांनी मला मजलिसमध्ये (पाहुण्यांच्या बैठकीच्या खोलीत) नेलं. पांढरीशुभ्र दाढी, कंदुरा (पायघोळ पांढरा अंगरखा) कडक इस्त्रीचा. तरुणपणी ते व्यापारासाठी मुंबईला येत असत, त्यामुळे हिंदी झकास.

"बम्बई का आदमी मेरे घर आया! बैठो, बैठो!"

मी बम्बईचा नाही, हे सांगायचं राहूनच गेलं. खजूर आले, नंतर गहवा (वेलदोडे घातलेली बिनसाखरेची कॉफी) फिन्जानमध्ये, म्हणजे बिनकानाच्या इवल्या पेल्यात. मला ॲसिडिटी आहे. डॉक्टरांनी कॉफीला सक्त मनाई केली आहे. नको म्हटलं तर वाईट दिसेल, म्हणून मी पेला घेतला आणि हळूच समोरच्या चौरंगावर ठेवून दिला. गप्पांच्या नादात कोण बघतंय, असा माझा हिशेब.

अबू राशिद मात्र बघत होते. ते सावरून बसले आणि गंभीर आवाजात म्हणाले, "बोलो. क्या काम है?"

मी चाट पडलो. सांगलीत या मुद्द्यावर यायला अर्धा तास लागतो. मी सांगून टाकलं: माझी भाची, तुमची नात, दोघी मैत्रिणी, उगाच झगडा कशाला, मौझाने नाव मागे घेतलं तर बरं.

त्यांनी डोळे मिटले, उघडले. "खलास," ते म्हणाले. "हो गया. अब पियो."

इतक्या सहज? मी आनंदाच्या भरात तो गहवा एका दमात पिऊन टाकला. छातीत जळजळलं, पण आयुष्यात इतकी सोपी माघार मी मिळवली नव्हती.

रविवारी आम्ही अजमानला समीर यांच्या जुन्या शेजाऱ्यांकडे गेलो. समुद्र निळा, शांत, आणि किनाऱ्यावर मुलं फुटबॉल खेळत होती. शेजारच्या वहिनींनी सुरमईचं कालवण आणि तांदळाची भाकरी केली होती. "इथली सुरमई मालवणला मान खाली घालायला लावेल," असं त्या म्हणाल्या, आणि पहिला घास खाल्ल्यावर मी ते मान्य केलं. परतताना जबल अलीजवळ रस्त्याच्या कडेला गोदामांच्या रांगा लागल्या, कामगारांच्या पांढऱ्या बस आमच्या बरोबरीने धावत होत्या. तेवढ्यात मागच्या सीटवर इराचा फोन वाजला. तिने तो वाचला आणि तिचा चेहरा उतरला.

"मौझा ड्रॉप्ड आउट. शी एन्डोर्स्ड मी." मग काही क्षणांनी, "डिबेट इज कॅन्सल्ड. एकच कॅन्डिडेट उरली ना."

"बिनविरोध!" मी टाळी वाजवली. "अभिनंदन, इराबाई!"

इरा रडू लागली.

मी मागे वळून बघत राहिलो. आनंदाने रडते आहे असं आधी वाटलं. मग ती म्हणाली, "शी वॉज क्राइंग, मामा. तिच्या आजोबांनी तिला सांगितलं. तिला विचारलंसुद्धा नाही. हू डझ दॅट?"

 मग मी, अकरा वर्षांच्या अनुभवाचा माणूस, खाली बघत म्हणालो, "मी गेलो होतो काल त्यांच्याकडे."

समीर यांनी गाडी बाजूला घेऊन थांबवली. "दादा, तुम्ही गहवा प्यायलात ना?"

"आधी नाही. पेला ठेवून दिला होता. ॲसिडिटी."

त्यांनी कपाळावर हात मारला. "अहो, इथल्या घरांत पाहुण्याने पेला न पिता खाली ठेवला, की तो काही मोठं मागायला आलाय असं समजतात. मग यजमान म्हणतो, पी. म्हणजे मागणं मान्य. दिलेला शब्द मग तो मोडत नाही. मोडणं म्हणजे नाचक्की."

मी हादरलो. जी मी माझी मुत्सद्देगिरी म्हणून मनातल्या मनात मिरवत होतो ती एका म्हाताऱ्या माणसाची सचोटी होती. आणि त्याची किंमत मौझाने दिली होती, इराने दिली होती. इराने घरी पोचेपर्यंत माझ्याकडे बघितलं नाही. ते मला फार लागलं.

सोमवारी संध्याकाळी मी पुन्हा मजलिसमध्ये गेलो. या वेळी गहवा आल्याबरोबर पिऊन टाकला, तीन वेळा. मग म्हणालो, "मैं अपनी माँग वापस लेता हूँ. ग़लती मेरी है. मुझे लड़की से पूछना चाहिए था."

अबू राशिद बराच वेळ हातातली जपमाळ फिरवत राहिले. "लड़की ने स्कूल में बोल दिया. अब दोबारा खड़ी नहीं हो सकती, टीचर बोली." मग त्यांनी आतल्या दाराकडे पाहिलं. "पूछा तो मैंने भी नहीं, भाई."

 घरी येऊन मी इराला सगळं सांगितलं आणि तिची माफी मागितली. ती "ओके" म्हणाली आणि दार लावून घेतलं.

मंगळवारी डिबेटऐवजी इराने पाच मिनिटं बोलायचं आणि मग मतदानाचा उपचार, असं ठरलं होतं. पालकांना बोलावलं होतं. मागच्या रांगेत अबू राशिदही येऊन बसले होते. इरा स्टेजवर आली.  इंग्रजीत बोलली, पण मला शब्दन् शब्द समजला. ती म्हणाली, "माझ्या मामांनी माझ्यासाठी ही निवडणूक मागून आणली. मला मागून आणलेली नको. मी शर्यतीतून बाहेर पडते आहे. मौझाचं नाव तुमच्या मतपत्रिकेवर अजून छापलेलं आहे. माझा पाठिंबा तिला. माझी उरलेली चार मिनिटंसुद्धा तिलाच."

मिस कॅरल यांचा हात तोंडावर गेला. माझाही. सभागृहात असा गलका झाला की मला आमच्या वार्षिक सभेची आठवण झाली. मौझा खुर्चीतून उठेचना. मग मागून एक जाडसर आवाज आला, "यल्ला (चल, ऊठ), मौझा!" आजोबांचा. मौझा स्टेजवर गेली, माईक हातात घेतला आणि पहिलं वाक्य बोलली ते बसच्या नॅनींच्या गार खोलीविषयी. ग्रंथालय त्यानंतर.

इराने तीन आठवडे पाठ केलेल्या भाषणातली एक ओळही म्हटली नव्हती. तरी खाली उतरताना ती सरळ माझ्याकडे आली. "आवाज थरथरला का, मामा?"

"थरथरला," मी म्हणालो. "पण ऐकू आला." 

मौझा जिंकली. माघार घेतलेली मुलगी, माघार घेतलेल्या मुलीच्या पाठिंब्यावर! मी सांगलीत हे सांगितलं तर लोक मला वेड्यात काढतील, असं मी विमानात बसेपर्यंत म्हणत होतो.

परत आलो तेव्हा सोसायटीच्या नोटीसबोर्डावर नव्या निवडणुकीची सूचना लागली होती. सेक्रेटरींनी जिन्यातच गाठलं. "आलात? बरं झालं. यंदाही बिनविरोध ना?" मी बॅग घरात टाकली आणि तिसऱ्या मजल्यावर गेलो.

शिंदेबाईंनी दार उघडलं. "साहेब बाहेर गेलेत, संध्याकाळी येतील."

"तुमच्याकडेच काम आहे," मी म्हणालो.

त्या जरा गोंधळल्या. बसायला सांगितलं, चहा आणला. मी कप घेतला आणि टीपॉयवर ठेवला.

"त्या वर्षी तुम्ही अर्ज भरला होता. काय करायचं होतं तुम्हाला, हे मी कधी विचारलंच नाही."

त्या उठल्या. मग आत गेल्या आणि वहीतून फाडलेला, घड्या पडून मऊ झालेला एक कागद घेऊन आल्या. इतकी वर्षं तो त्यांनी ठेवला होता. पाण्याच्या वेळा, जिन्यातला दिवा, वॉचमनच्या बायकोला वापरता येईल असं एक न्हाणीघर. सात मुद्दे होते. मी सातही वाचले. माझे कान गरम झाले होते.

"यंदा उभ्या राहा," मी म्हणालो. "माझ्याविरुद्ध राहिलात तरी चालेल. पण साहेबांना नाही, तुम्हाला विचारतोय."

चहावर साय धरली होती. शिंदेबाईंनी कागदाची घडी घातली, ती उलगडली, पुन्हा घातली. मग कप माझ्याकडे सरकवत त्या म्हणाल्या, "घ्या आता चहा."